तुमच्याकडची गिनी : मोडण्याआधी एवढे वाचा

"आजीची गिनी आहे, मोडायची आहे," असे सांगून जे नाणे आमच्या पेढीवर येते, ते बहुतेक वेळा गिनी नसतेच, सॉव्हरिन असते. दोन्ही नाणी इंग्लंडची, दोन्ही 22 कॅरेटची, पण वजनात आणि वयात फरक.

खरी गिनी 1663 पासूनची, दुसऱ्या चार्ल्स राजाच्या काळातली. सोने पश्चिम आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरून यायचे, म्हणून नाण्यालाही तेच नाव पडले. हे सोने आणणारी कंपनी गुलामांचाही व्यापार करी, तिच्या सोन्याच्या नाण्यांवर राजाच्या चेहऱ्याखाली बारीकसा हत्ती दिसतो. किंमत ठरली होती 20 शिलिंग, म्हणजे एक पौंड. पण सोने चढले की गिनीही चढे, एकदा तर 30 शिलिंगांपर्यंत गेली. अखेर 1717 मध्ये ती 21 शिलिंगांवर बांधली गेली. तेव्हा टांकसाळीचे प्रमुख होते आयझॅक न्यूटन. हो, तेच ते!

1817 मध्ये 20 शिलिंगांचे सॉव्हरिन आले आणि गिनी मागे पडली. तरी इंग्लंडात वकील-डॉक्टर फी गिनीतच सांगत, म्हणजे पौंडावर एक शिलिंग वर. घोड्यांच्या काही लिलावांत आजही बोली गिनीत लागते. आपल्या महालक्ष्मीवरच्या 'इंडियन टू थाउजंड गिनीज' शर्यतीचे नाव याच परंपरेतले.

आता तुमचे नाणे. गिनी भरते 8.4 ग्रॅमच्या आसपास. सॉव्हरिन 7.98 ग्रॅम, त्यात शुद्ध सोने 7.32. घोड्यावरून ड्रॅगनला मारणारा सेंट जॉर्ज दिसला, की सॉव्हरिन समजा. साल 1918 असेल तर भिंग घ्या. सालाच्या जरा वर, घोड्याखालच्या जमिनीवर 'आय' हे इंग्रजी अक्षर सापडले तर नाणे मुंबईच्या टांकसाळीचे. मुंबईत सॉव्हरिन त्या एकाच वर्षी पाडले गेले.

हल्ली 8 ग्रॅमच्या नव्या नाण्यालाही गिनी म्हणतात. त्याला सोन्याचाच भाव.

जुने नाणे चिंच-रिठ्याने घासू नका. झळाळी येते, पण संग्राहक भाव पाडतात. माळेसाठी कडी डाकलेली असेल तर तिचे वजन वेगळे धरावे लागते. मोडीचा भाव आणि नाण्याचा भाव, दोन्ही विचारा. वजन आणि टंच (सोन्याची शुद्धता) आम्ही तुमच्यासमोर पाहतो, त्याचे पैसे घेत नाही.