रायडिंग बूट की मार्चिंग बूट? आधी तळ पालथा करून बघा

जुन्या बाजारात काळा, उंच चामडी बूट दिसला की विकणारा त्याला बिनदिक्कत 'कॅव्हलरी बूट' म्हणतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन बुटांच्या बाबतीत हा घोळ फार होतो, कारण त्या सैन्यात पायदळाचा शिपाईही उंच बूटच घालायचा. त्याचा तो मार्शश्टीफेल, म्हणजे मार्चिंग बूट. शिपाई त्याला गमतीनं 'क्नोबेलबेखर' म्हणत, म्हणजे फासे खुळखुळवायचा पेला. घोड्यावर बसणाऱ्याचा तो राइटश्टीफेल, म्हणजे रायडिंग बूट. आणि घोड्यावर बसणारे म्हणजे फक्त घोडदळ नव्हे. 1941 मध्ये रशियावर चाल करताना या सैन्याकडे सहा लाखांहून जास्त घोडे होते, त्यातले बरेचसे तोफा आणि गाड्या ओढणारे. त्यामुळे राइटश्टीफेल तितकासा दुर्मीळ नाही.

उंचीवरून निकाल देऊ नका. मार्शश्टीफेल पोटरीच्या मध्यापर्यंत येतो, राइटश्टीफेल गुडघ्याच्या जरा खाली थांबतो, हे खरं. पण नोव्हेंबर 1939 मध्ये चामडं वाचवण्यासाठी मार्शश्टीफेलची उंची कमी केली गेली. त्याआधीचा मोठ्या मापाचा मार्शश्टीफेल आणि बुटक्या माणसाचा राइटश्टीफेल शेजारी ठेवले तर फसायला होतं. शिवणीचंही तसंच. मार्शश्टीफेलला दोन्ही कडांना उभ्या शिवणी असतात, अधिकाऱ्यांच्या शिवून घेतलेल्या बुटाला बहुधा मागे एकच. पण शिपायांना सरकारातून मिळालेल्या राइटश्टीफेललाही कडेच्या शिवणी असू शकतात.

तळ मात्र सहसा खोटं बोलत नाही. मार्शश्टीफेलच्या चामडी तळावर 35 ते 45 लोखंडी खिळे आणि टाचेला नालेसारखी पट्टी असते. असे खिळे रिकिबीत घसरतात, म्हणून स्वाराचा तळ गुळगुळीत. लबाडी इथेच होते: मार्शश्टीफेलचे खिळे उपटून तो रायडिंग बूट म्हणून विकायचा. तळ तिरक्या उजेडात धरा. ओळीनं बुजवलेली भोकं किंवा गोल गंजडाग दिसले, तर मूळ बूट चालणाऱ्याचा. लाकडी खुंट्यांची बारीक टोकं दिसली तर गोंधळू नका. तळ जोडायची ती जुनी पद्धत आहे, दोन्ही प्रकारांत सापडते.

मग झीज बघा. चालणाऱ्याचा बूट टाचेच्या मागच्या कडेला आणि चवड्याखाली झिजतो. स्वाराचा बूट पोटरीच्या आतल्या बाजूला घासून तुकतुकीत होतो, कारण तिथे खोगीर आणि रिकिबीचा पट्टा सतत लागतो. चवड्यामागे तळावर रिकिबीचा आडवा घट्टा असतो. स्पर (घोड्याला टोचायची टाचेवरची आर) बांधला असेल तर टाचेच्या वर आडवी दाबखूण, पावलाच्या वरच्या बाजूला पट्ट्याचा माग आणि टाचेपुढे तळाखाली घळ सापडते. तिन्ही खुणा एकाच बुटात आणि जोडीतल्या दोन्ही पायांवर हव्यात. एकाच बुटावर ठळक खूण असेल तर ती मुद्दाम पाडलेली किंवा जोडी जुळवलेली असण्याची शक्यता धरा.

सरकारी बुटात मापाचा शिक्का सेंटीमीटरमध्ये असतो: 28 आणि 5 म्हणजे 28 सेंटीमीटर लांबी, 5 नंबरची रुंदी. अधिकारी बूट स्वखर्चानं शिवून घेत, त्यामुळे शिक्का नसला म्हणून तो लष्करी नाही असं होत नाही. पण याची दुसरी बाजू विकणारे सांगत नाहीत. त्याच काळातल्या नागरी रायडिंग बुटात आणि अधिकाऱ्याच्या बुटात फरक नुसत्या नजरेनं सांगता येत नाही. मालकाची कागदपत्रं किंवा फोटो नसेल तर 'ऑफिसर'चे जादा पैसे देऊ नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

युद्धानंतरची गफलत म्हणजे पूर्व जर्मनीची फौज. तिची स्थापना 1956 ची, ती 1990 मध्ये विसर्जित झाली आणि तिचे बूट ढिगानं बाजारात आले. घडण जुन्यासारखीच, पण रबरी तळ दिसला तर युद्धकाळ विसरा, अर्थात तळ नंतर बदललेला नाही ना ते तपासून. नाटक-सिनेमा आणि हौशी युद्धप्रयोगांसाठी नवे बूट आजही बनतात, भारतातही. शिवणीचा सुटलेला एखादा धागा चिमट्यात धरून जाळा. सुती किंवा तागाचा धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टर वितळून त्याची गोळी होते, म्हणजे धागा नव्या काळातला. पण हा धागा दुरुस्तीतलाही असू शकतो, म्हणून दोन-तीन वेगळ्या शिवणींतला घ्या.

घरी आणल्यावर लगेच पाय घालू नका. सुकलेलं चामडं घोट्यावर तडकतं. बोटाला लालसर भुकटी लागली तर चामडं आतून कुजलंय, तेलानं ते परत येत नाही, उलट शिवणी सैल होतात. चांगलं असेल तर ओलसर फडक्यानं पुसून, सावलीत वाळवून, आत कागदाचे बोळे भरून उभं ठेवा. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या बुटाला काही दिवसांतच बुरशी येते, कापडी पिशवी बरी.