चौलच्या बंदरात आलेला बगदादचा इतिहासकार: अल-मसूदी

उत्तर कोकणच्या शिलाहारांवरचं लेखन वाचताना एक अरब नाव हमखास भेटतं: अल-मसूदी. झंझ राजाचा काळ ठरवायचा म्हणून त्याचा दाखला दिला जातो आणि लेखक पुढच्या राजाकडे वळतो. मसूदी कोण होता, तो कोकणात कसा पोहोचला आणि त्याच्या साक्षीवर विश्वास का ठेवायचा, हे सहसा सांगितलंच जात नाही. ते सांगायला हवं, कारण दहाव्या शतकातल्या कोकण किनाऱ्याचं इतकं जवळून केलेलं वर्णन फार थोड्या जणांनी मागे ठेवलं आहे.

अबुल हसन अली इब्न हुसैन अल-मसूदी याचा जन्म नवव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये झाला. प्रेषित मुहंमदांचे सहकारी अब्दुल्ला इब्न मसूद यांच्या वंशातला म्हणून तो ‘मसूदी’. तो मोठा होत होता तेव्हा अब्बासी खिलाफतीचा दरारा ओसरू लागला होता. प्रांतोप्रांतीचे सुभेदार स्वतंत्र झाले होते. ९३० मध्ये करामिता बंडखोरांनी मक्केवर हल्ला करून काबेतला काळा पाषाणच उचलून नेला आणि ९४५ मध्ये इराणी बुवैही सरदारांनी बगदादचा ताबा घेतला. राजकीय पडझडीच्या या काळात विद्येची पेठ मात्र तेजीत होती. ग्रीक, फारसी आणि संस्कृत ग्रंथ अरबीत आले होते, कागद मुबलक मिळत होता आणि बसरा, इराणच्या किनाऱ्यावरचं सिराफ बंदर, ओमान इथली गलबतं पार चीनच्या बाजूपर्यंत ये-जा करत होती. मसूदीने या दोन्हींचा पुरेपूर फायदा घेतला. त्याने भरपूर वाचलं आणि वाचलेलं पडताळायला घर सोडलं.

त्या वेळी अरबी इतिहासलेखनात तबरी हे सर्वांत मोठं नाव होतं. तबरी ९२३ मध्ये बगदादला वारला. घटना वर्षवार मांडायच्या आणि प्रत्येक हकिकतीआधी ‘अमक्याने तमक्याकडून ऐकलं’ अशी सांगणाऱ्यांची साखळी द्यायची, ही त्याची रीत होती. मसूदीने तबरीची तोंडभरून स्तुती केली, पण स्वतः ती वाट धरली नाही. त्याने साखळ्या गाळल्या आणि इतिहास वर्षांऐवजी राजवंश आणि लोकसमूह यांच्याभोवती गुंफला. त्याच्या ग्रंथात म्हणून इस्लामपूर्व इराण, ग्रीस, रोम, हिंद, चीन, फ्रँक, स्लाव्ह अशा सगळ्यांना जागा मिळाली. माझ्या मते त्याचं खरं मोठेपण इथे आहे. ज्यांचा इतिहास लिहायचा, शक्यतो त्यांच्याकडेच जाऊन विचारायचं, ही गोष्ट त्याने आयुष्यभर पाळली. ९१५ च्या सुमारास इराणात इस्तख्र इथे एका खानदानी घराण्याकडे त्याने सासानी, म्हणजे इस्लामपूर्व इराणच्या, राजांवरचा एक मोठा ग्रंथ पाहिला. त्यात पंचवीस राजे आणि दोन राण्या अशा सत्तावीस जणांची चित्रं होती. पॅलेस्टाइनमध्ये तो ज्यू विद्वानांशी चर्चेला बसला. बऱ्याच वर्षांनी इजिप्तमधल्या फुस्तातला त्याच्या हाती स्पेनमधल्या एका बिशपने लिहिलेलं पुस्तक आलं. त्यावरून त्याने फ्रँक राजांची यादी त्यांच्या जुन्या क्लोव्हिस राजापासून आपल्या काळापर्यंत आणली.

ऐकीव गोष्टींची तो कशी खातरजमा करायचा याचा एक नमुना पाहण्यासारखा आहे. अरबी गद्याचा बादशहा समजला जाणारा जाहिज याने लिहून ठेवलं होतं की गेंड्याची मादी सात वर्षं गाभण असते आणि पिल्लू अधूनमधून पोटातून डोकं बाहेर काढून चरतं. मसूदीने सिराफ आणि ओमानच्या खलाशांना आणि हिंदुस्थानात भेटलेल्या व्यापाऱ्यांना हे विचारलं. प्रश्न ऐकून सगळेच चकित झाले. गेंडा गाई-म्हशींसारखाच वितो, असं त्यांनी सांगितलं. मसूदीने ते नोंदवलं आणि जाहिजने ही गोष्ट आणली कुठून ते कळत नाही, असंही लिहिलं. सिंधू आणि नाईल या दोन्ही नद्यांत मगरी आहेत, म्हणून सिंधूचा उगम नाईलमध्ये असला पाहिजे, या जाहिजच्या तर्काचीही त्याने अशीच गत केली. ज्याने समुद्रप्रवास केला नाही, देश पाहिले नाहीत, त्याने असं बोलू नये, हा त्याचा रोख होता.

हिंदुस्थानात तो सिंध, मुलतान पाहून गुजरातेतल्या खंबायतला पोहोचला, हिजरी ३०३ मध्ये. तिथे राष्ट्रकूटांच्या वतीने एक ब्राह्मण अधिकारी कारभार पाहत होता आणि बाहेरून आलेल्या मुसलमानांशी, इतर धर्मीयांशी वाद-चर्चा करण्याची त्याला मोठी हौस होती. खंबायतच्या चपला तेव्हा दूरवर प्रसिद्ध होत्या, याचीही नोंद मसूदीने केली आहे. खाडीतली भरती त्याने डोळ्यांनी पाहिली. ओहोटीने उघड्या पडलेल्या वाळूत एक कुत्रा होता. पाणी डोंगरासारखं चालून आलं, कुत्रा जिवाच्या आकांताने किनाऱ्याकडे धावला, पण पाण्याने त्याला गाठलंच.

पुढच्या हिजरी वर्षात, ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६-१७ मध्ये, तो सैमूरला आला. सैमूर म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातलं चौल, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मान्यखेटच्या गादीवर तेव्हा राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र होता. अरब लेखक या राजांना ‘बल्हरा’ म्हणतात, म्हणजे वल्लभराज. सैमूरवर त्यांचा मांडलिक राज्य करत होता, त्याचं नाव मसूदी ‘जंज’ असं देतो. हाच शिलाहार झंझ. आपल्या नावाने बारा शिवमंदिरं बांधल्याचं श्रेय त्याच्या वंशजांचे ताम्रपट त्याला देतात. त्याच राजाच्या बंदरात सुमारे दहा हजार मुसलमान घर करून राहत होते, असं मसूदी सांगतो. कोणी सिराफचे, कोणी ओमान, बसरा, बगदादचे आणि बरेचसे ‘बयासिरा’, म्हणजे इथल्याच मातीत जन्मलेले. त्यांच्यावर त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे. त्या वर्षी हे पद अबू सईद मारूफ इब्न झकरिया याच्याकडे होतं. बड्या व्यापाऱ्यांपैकी मूसा इब्न इसहाक याचंही नाव तो देतो. बल्हराइतका मुसलमानांचा मान हिंदुस्थानातला दुसरा कोणताही राजा ठेवत नाही, असा त्याचा निर्वाळा आहे.

चौलच्या बाजारातला एक प्रसंग त्याने जसा पाहिला तसा लिहिला आहे. अग्निप्रवेश करायला निघालेला एक तरुण बाजारपेठांतून फिरून चितेजवळ आला, खंजीर घेऊन त्याने स्वतःची छाती चिरली, काळजाचा तुकडा कापून सोबत्याच्या हातावर ठेवला आणि मग आगीत उडी घेतली. हे सगळं होत असताना तो बोलत होता. वाचताना अंगावर काटा येतो. त्यालाच लागून मसूदी विड्याकडे वळतो. पान, चुना आणि सुपारीने दात डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल होतात, तोंडाला सुवास येतो आणि इथल्या लोकांना पांढरे दात आवडत नाहीत. सुपारीची सवय मक्का, हिजाझ आणि येमेनपर्यंत पोहोचल्याचंही तो सांगतो.

या माहितीला पुढे अनपेक्षित दुजोरा मिळाला. पालघर जिल्ह्यात चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, तिसऱ्या इंद्राच्या काळातला आहे. संजाणच्या मंडलावर राष्ट्रकूटांनी नेमलेल्या ‘मधुमती’ नावाच्या ताजिक, म्हणजे अरब अधिकाऱ्याचा त्यात उल्लेख आहे. मधुमती हे मुहंमदचं संस्कृत रूप. त्याच्या अमलात देवीच्या मठाला जमीन दिल्याची नोंद या पटावर संस्कृतात कोरलेली आहे. मसूदीच्या भेटीनंतर दहाच वर्षांनी, त्याच किनाऱ्यावर. बल्हराच्या औदार्याची स्तुती एका परक्या पाहुण्याची अतिशयोक्ती असावी, असा संशय त्यामुळे उरत नाही.

चौलला आला त्याच हिजरी वर्षात, ३०४ मध्ये, मसूदी पूर्व आफ्रिकेजवळच्या कनबलू बेटाहून ओमानला परतला. अनेक समुद्र पाहिले, पण झंज लोकांच्या, म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या लोकांच्या, समुद्राइतका भयंकर दुसरा नाही, असं त्याने लिहिलं आहे. त्यानंतर कॅस्पियन समुद्र, सीरिया आणि शेवटी इजिप्त. कॅस्पियन दुसऱ्या कुठल्याही समुद्राला जोडलेला नाही, हेही त्याने तिथल्या व्यापाऱ्यांना आणि खलाशांना विचारून नक्की केलं होतं.

त्याचा सगळ्यांत मोठा ग्रंथ ‘अखबार अल-जमान’ तीस खंडांचा होता. तो हरवला. त्याचा संक्षेप असलेला दुसरा ग्रंथही हरवला. आपल्या हाती राहिला तो ‘मुरूज अल-जहब’, म्हणजे ‘सोन्याची कुरणं’. तो ९४७ मध्ये पुरा झाला. या मजकुरात जो फेरफार करील त्याला त्याने सुरुवातीलाच शाप देऊन ठेवला आहे. चौलच्या वर्णनासारखी पानं मूळ मोठ्या ग्रंथात किती विस्ताराने असतील, या विचाराने आजही हळहळ वाटते.

चौदाव्या शतकात इब्न खल्दूनने त्याला इतिहासकारांचा इमाम म्हटलं आणि त्याच्यावर टीकाही केली. अलेक्झांडर काचेच्या पेटीत बसून समुद्राच्या तळाशी गेला, तिथल्या राक्षसांची चित्रं काढून आणली, असल्या कथा मसूदीने न तपासता घेतल्या, हा त्याचा आक्षेप रास्त आहे. जिथे विचारायला माणूस भेटला तिथे मसूदी पक्का असतो. जिथे फक्त जुन्या कथा होत्या तिथे तो सैल पडतो, आणि त्याचा उपयोग करताना हा फरक ध्यानात ठेवावाच लागतो.

१८६१ ते १८७७ या काळात पॅरिसला ‘मुरूज’ची फ्रेंच अनुवादासह नऊ खंडांची आवृत्ती निघाली आणि हा मजकूर युरोपीय अभ्यासकांच्या हाती आला. मसूदी ९५६ मध्ये फुस्तातला वारला. त्याच वर्षी त्याने ‘मुरूज’ची वाढवलेली, सुधारलेली प्रत तयार केली होती, असं त्याच्या ‘तंबीह’ या शेवटच्या ग्रंथावरून कळतं. ती प्रत अजून सापडलेली नाही. आपण वाचतो ते ९४७ चं पुस्तक.