कार्दोसो: प्राध्यापक ते ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष, पार्श्वभूमी

फर्नांडो हेन्रिक कार्दोसो म्हटलं की एक टोमणा ठरलेलाच, लिहिताना डावा आणि खुर्चीत बसल्यावर उजवा. मला हे अर्धवट वाटतं.

जन्म १९३१, रिओ, घराणं लष्करी. समाजशास्त्र शिकले साओ पाउलोत, फ्लोरेस्तान फर्नांडिस यांच्या हाताखाली, डॉक्टरेटचा विषय दक्षिण ब्राझीलमधली गुलामगिरी. १९६४ ला लष्कराने सत्ता घेतली तसे हे चिलीला निघून गेले आणि तिथे सान्तियागोत समाजशास्त्रज्ञ एन्झो फलेत्तो यांच्यासोबत लॅटिन अमेरिकेतलं परावलंबन आणि विकास यावरचं ते गाजलेलं पुस्तक लिहिलं, १९६९ मधे आलं. तेव्हा बऱ्याच डाव्यांचं म्हणणं असं की श्रीमंत देशांवर अवलंबून आहोत तोवर आपला विकास होणंच शक्य नाही, हे दोघं म्हणाले की होतो, अवलंबून राहूनही होतो, पण कसा आणि कुणाच्या फायद्याचा ते देशातलं राजकारण ठरवतं. म्हणजे राजकारणात हात घालायला जागा आहे हे त्यांनी आधीच लिहून ठेवलेलं, टोमणे मारणारे नेमकं हेच विसरतात.

१९६८ ला परत आले, विद्यापीठात प्रोफेसर झाले आणि पुढच्याच वर्षी सरकारने सक्तीने रिटायर केलं, वय ३७! मग सहकाऱ्यांना घेऊन सेब्राप नावाचं संशोधन केंद्र काढलं, पैसा अमेरिकेच्या फोर्ड फाउंडेशनचा, त्यावरूनही बोलणी खाल्ली. १९७८ ला सिनेटला उभे राहिले, प्रचाराला कामगार नेता लुला (हो, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला तोच). निवडून आले त्यांच्याच पक्षाचे फ्रँको मोंतोरो, हे त्यांचे बदली सदस्य, आणि १९८३ ला मोंतोरो गव्हर्नर झाले म्हणून यांना सीट मिळाली. १९८५ ला साओ पाउलोच्या मेयरपदाला उभे होते, मतदानाआधीच मेयरच्या खुर्चीत बसून फोटो काढून घेतला आणि हरले, जिंकलेल्या जानियो क्वाद्रोसनी ती खुर्ची कॅमेऱ्यांसमोर जंतुनाशक मारून साफ केली.

खरी कलाटणी १९९३ ची. महागाई वर्षाला जवळपास अडीच हजार टक्के, आणि अर्थमंत्री कोण तर अर्थशास्त्रज्ञ नसलेला हा माणूस. त्यांनी पेर्सिओ आरिदा, आंद्रे लारा रेझेन्दे अशी अर्थशास्त्रज्ञ मंडळी जमवली. त्यांची आयडिया भारी होती, मार्च १९९४ पासून पगार नि किमती यूआरव्ही नावाच्या एककात सांगायच्या, डॉलरच्या आसपास स्थिर ठेवलेलं, नोट मात्र जुनीच द्यायची आणि तिचा भाव रोज जाहीर व्हायचा. लोकांना स्थिर किमतीची सवय लागली न लागली तोच १ जुलैला २७५० जुने क्रुझेइरो रेआल बरोबर १ नवा रेआल, झालं. ऑक्टोबरमधे पहिल्याच फेरीत लुलांना हरवून राष्ट्राध्यक्ष.

पुढे वाले ही सरकारी खाणकंपनी विकली, टेलिफोन कंपन्या विकल्या, १९९७ ला घटना बदलून दुसऱ्या टर्मची सोय करून घेतली, त्यावरची टीका मला रास्त वाटते, आणि १९९८ ला पुन्हा जिंकून आले, पण दुसरी टर्म सुरू झाल्यावर दोनेक आठवड्यांतच, जानेवारी १९९९ मधे, निवडणूक होईपर्यंत डॉलरच्या तुलनेत धरून ठेवलेला रेआलचा भाव सोडून द्यावा लागला.