घर किती वर्षांच्या कमाईचं?

घराची किंमत भागिले कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न. घर परवडतं की नाही हे मोजायला अर्थशास्त्रात मुख्यतः हाच भागाकार वापरतात. उत्तर तीनच्या आत आलं तर घर आवाक्यातलं, पाचच्या वर गेलं तर फारच महाग, असा एक आंतरराष्ट्रीय ठोकताळा आहे. दोन्ही आकडे सरासरीचे नकोत, मध्यकाचे हवेत, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधे येणारे. नाहीतर समुद्राकडेचा एखादा आलिशान बंगला अख्ख्या गावाचं गणित बिघडवतो.

भाव वर्षाला 8 टक्क्यांनी वाढले आणि उत्पन्न 6 टक्क्यांनी, तर पाच पटींचं घर 20 वर्षांनी सव्वासात पटींचं होतं. उलटही घडतं. एचडीएफसीच्या कर्जदारांसाठी हे प्रमाण 1995च्या सुमारास 22 पट होतं, ते 2004 पर्यंत साडेचारच्या आसपास उतरलं. आलेख सुखावणारा आहे, पण त्यात फक्त कर्ज मिळालेले लोक आहेत. ज्याला बँकेच्या दारातून परतावं लागलं, तो त्यात मोजलाच गेला नाही.

या भागाकारात व्याजदरही दिसत नाही. महिन्याला 20 हजारांचा हप्ता झेपत असेल, तर 20 वर्षांसाठी 14 टक्के दराने जेमतेम 16 लाखांचं कर्ज मिळतं, साडेआठ टक्क्यांनी 23 लाखांचं. पगार तोच, ऐपत सात लाखांनी वाढली. विकणाऱ्यालाही हे कळतं, आणि भाव त्या सात लाखांच्या मागे लागतात.

आता कोकणात या. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16.97 लाखांवरून 16.15 लाखांवर आली, सिंधुदुर्गातही घटली. माणसं कमी, गावोगाव गणपती-शिमग्यापुरती उघडणारी घरं, म्हणजे जागा स्वस्त व्हायला हव्यात. होत नाहीत. कारण कुलूपबंद घर विक्रीला नसतंच. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, कोणी वारलेलं, वारसनोंद अर्धवट. एवढ्यांच्या सह्या जमवणार कोण? किनाऱ्याला सीआरझेडची, म्हणजे किनारी बांधकामावरच्या सरकारी नियमांची, मर्यादा आहे; ग्रामीण भागात बऱ्याच ठिकाणी भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. विकाऊ जागा मुळात थोडी, आणि ती घ्यायला येणारा पैसा बाहेरचा. 1998ला कोकण रेल्वे पूर्ण झाली, 2024ला अटल सेतू आला. शहरातली कमाई तेवढी जवळ आली.

समजा कुडाळात फ्लॅट 36 लाखांचा आहे. वर्षाला 3.6 लाख मिळवणाऱ्या तिथल्या कुटुंबासाठी तो दहा पट, 18 लाख मिळवणाऱ्या मुंबईकरासाठी दोन पट. घर एकच. भाव दुसऱ्याच्या खिशाकडे बघून ठरतो आणि आपण तो पहिल्याच्या कमाईने भागतो.

अर्थात वाडवडिलांची जागा असेल त्याला हा भागाकार लागूच नाही. त्याचा हिशेब चिरा, वाळू, सळई आणि गवंड्याच्या मजुरीचा. खरी कोंडी होते ती सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांची: बदलून आलेले शिक्षक, चिपळूणच्या दवाखान्यातली नर्स, वाटणीत काहीच हाती न आलेला धाकटा. कोकणाबद्दल बोलताना आपण जमीनवाल्यांचीच दुःखं फार उगाळतो, असं मला वाटतं.

रिझर्व्ह बँकेच्या 2010-11 पायाभूत वर्षाच्या घरकिंमत निर्देशांकात दहा शहरं होती. या पश्चिम किनाऱ्यावर त्यातली दोनच, वर मुंबई आणि खाली कोची. मधला सगळा पट्टा कोरा. पण माहितीचं एक मोठं भांडार आधीच आहे. प्रत्येक खरेदीखताच्या सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे नोंदणीच्या वेळी निघणाऱ्या सारांश-उताऱ्यात, व्यवहाराची रक्कम असते आणि घेणाऱ्याचा पत्ता पिनकोडसह असतो. हे उतारे नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. एका तालुक्याचे वीस वर्षांचे व्यवहार पिनकोडनुसार वेगळे केले, तरी तिथे भाव कोणाच्या कमाईवर ठरतो ते आकड्यांत दिसेल.