पाऊल टाकून मारलेला ड्राइव्ह : लांबी वाढवण्याच्या एका वेगळ्या पद्धतीविषयी ग्राहकांसाठी माहिती

गोल्फमधील ड्राइव्हची, म्हणजे सुरुवातीच्या लांब फटक्याची, लांबी वाढवायची आहे, असे सांगत आमच्याकडे येणाऱ्या ग्राहकांचा पहिला प्रश्न बहुधा नव्या ड्रायव्हरविषयी, म्हणजे हा फटका मारण्याच्या काठीविषयी, असतो. आम्ही क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, विकतो, त्यांची जुळणी आणि दुरुस्ती करतो, आणि तरीही बहुतेकांना आमचे पहिले सांगणे असे असते की, हातातला ड्रायव्हर तूर्तास तसाच राहू द्यावा आणि शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर केव्हा जातो, याकडे आधी पाहावे. त्यासाठी आम्ही जी पद्धत शिकवतो ती पाहणाऱ्याला विचित्र वाटते, कारण तिच्यात खेळाडू दोन्ही पाय जुळवून उभा राहतो आणि बॅकस्विंग (क्लब मागे नेणे) पुरा होण्याच्या बेतात डावा पाय उचलून लक्ष्याच्या दिशेने पाऊल टाकतो. ही पद्धत कशी काम करते, कोणी वापरावी आणि कोणी टाळावी, हे या पत्रकात सांगितले आहे. सर्व वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे; डावखुऱ्या खेळाडूंनी डावे-उजवे उलट धरून वाचावे.

लांबी कुठून येते

क्लबहेडचा, म्हणजे क्लबच्या डोक्याचा, वेग ताशी एका मैलाने वाढला की ड्राइव्ह साधारण अडीच यार्डांनी लांबतो, असा ढोबळ हिशेब आहे. हौशी पुरुष खेळाडूंचा वेग ताशी ९० ते ९५ मैलांच्या आसपास असतो आणि पीजीए टूर या अमेरिकेतील स्पर्धामालिकेतील व्यावसायिकांचा सरासरी वेग ११५च्या आसपास असतो. हा फरक पाहून बरेच जण केवळ वेगामागे लागतात. पण चेंडूला क्लबचा वेग किती मिळतो, हे क्लबफेसच्या (चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाच्या) कोणत्या भागावर तो लागला यावर अवलंबून असते. चेंडूच्या वेगाला क्लबहेडच्या वेगाने भागले की जो आकडा येतो त्याला स्मॅश फॅक्टर म्हणतात आणि ड्रायव्हरच्या बाबतीत तो जेमतेम दीडपर्यंत पोहोचतो. ताशी ९५ मैलांनी फिरवलेल्या क्लबच्या मधोमध चेंडू लागून हा आकडा १.४८ आला, तर चेंडू ताशी सुमारे १४१ मैलांनी निघतो. तोच खेळाडू अंग पिळवटून १०२ मैलांपर्यंत गेला आणि चेंडू टोकाकडे लागून आकडा १.३६वर घसरला, तर चेंडूचा वेग १३९च्याच घरात राहतो. म्हणजे सात मैलांची मेहनत वाया जाते, आणि कडेला लागलेल्या चेंडूला जी तिरपी फिरकी मिळते तिच्यामुळे तो रफमध्ये (उंच गवतात) किंवा झाडांत जातो, ते वेगळेच.

याखेरीज क्लब चेंडूला वर जाताना लागतो की खाली येताना, यानेही मोठा फरक पडतो. साधारण ९० मैलांच्या वेगाने खेळणारा खेळाडू पाच अंश खाली मारत असेल आणि तो पाच अंश वर मारू लागला, तर त्याच वेगात, योग्य लॉफ्ट (क्लबफेसचा तिरपेपणा) असताना, कॅरीमध्ये, म्हणजे चेंडू हवेतून कापतो त्या अंतरात, वीस यार्डांच्या आसपास वाढ होऊ शकते. पावसाळ्यात, जेव्हा फेअरवे (कापलेल्या गवताचे पट्टे) ओले असतात आणि चेंडू पडतो तिथेच रुतून बसतो, तेव्हा ही कॅरीच सर्व काही असते. त्यामुळे वेग, मधोमध आघात आणि वर जाणारा आघात या तिन्ही गोष्टींना एकत्र हात घालणारी पद्धत हवी. आमच्या मते भार योग्य वेळी डाव्या पायावर नेणे हीच ती गोष्ट आहे.

चांगला मारणारा खेळाडू पाहिला तर असे दिसते की, त्याचे हात अजून मागे जात असतानाच त्याच्या पायाखालचा दाब डावीकडे सरकू लागलेला असतो. त्यानंतर कंबर वळते, मग छाती, मग हात आणि सर्वांत शेवटी क्लब. या क्रमात प्रत्येक भाग आपला वेग पुढच्या भागाच्या हवाली करत जातो. हौशी खेळाडूचे नेमके उलट होते. तो बॅकस्विंग संपवतो, क्षणभर उजव्या पायावरच राहतो आणि मग खांद्यांनी व हातांनी क्लब खाली ओढतो. क्लब बाहेरून आत येतो, चेंडू कापला जातो आणि ओळखीचा स्लाइस, म्हणजे उजवीकडे वळत जाणारा फटका, निघतो. ‘भार डावीकडे न्या’ असे सांगून हे सुधारत नाही, कारण स्विंगला लागणाऱ्या दीडएक सेकंदात अशी सूचना पाळायला कोणालाच सवड मिळत नाही. पाऊल टाकावे लागले की मात्र शरीराला दुसरा मार्गच उरत नाही.

रुळलेल्या वाटेबाहेरचे खेळाडू

आज जे वेगळे वाटते ते पूर्वीही वेगळे वाटत होते असे नाही. विख्यात गोल्फपटू जॅक निक्लस बॅकस्विंगमध्ये डावी टाच उंच उचलत असत, आणि १९६३च्या पीजीए चॅम्पियनशिपच्या वेळी झालेल्या ड्रायव्हिंग स्पर्धेत त्यांनी त्या काळच्या लाकडी क्लबने ३४१ यार्ड १७ इंचांचा ड्राइव्ह मारला होता. पुढे कंबर आवळून धरावी, टाच जमिनीला चिकटलेली ठेवावी आणि केवळ खांदे वळवावेत, असा आग्रह सुरू झाला आणि टाच उचलणे हा दोष मानला जाऊ लागला. आमच्या अनुभवात या आग्रहाने सर्वांत जास्त नुकसान चाळिशी ओलांडलेल्या, बैठे काम करणाऱ्या खेळाडूंचे केले आहे, कारण त्यांची पाठ तेवढी वळतच नाही.

गोल्फपटू माइक ऑस्टिन यांचे उदाहरण याहून ठळक आहे. २५ सप्टेंबर १९७४ रोजी लास व्हेगसमधील विंटरवुड गोल्फ कोर्सवर, ज्येष्ठ खेळाडूंच्या स्पर्धेत, वयाच्या ६४व्या वर्षी त्यांनी ५१५ यार्डांचा ड्राइव्ह मारला. पाठीमागून जोरदार वारा होता, जमीन कडक होती, आणि हे दोन्ही वजा केल्याशिवाय त्या आकड्याकडे पाहू नये. तरीही पर्सिमन लाकडाच्या क्लबने, त्या वयात चेंडू एवढा लांब नेणारे ते होते आणि त्यांच्या पद्धतीत कंबर मोकळेपणाने बाजूला सरकू देण्याला मोठे स्थान होते. अलीकडे काइल बर्कशायर यांनी २०१९, २०२१ आणि २०२३ मध्ये लाँग ड्राइव्हचे जागतिक विजेतेपद मिळवले. त्यांचा स्विंग स्थिर उभे राहून सुरू होत नाही. आधी शरीर पुढे-मागे डोलते, पाय हलतात आणि त्या लयीतून क्लब मागे जातो. ब्रायसन डीशॅम्बो यांनी २०२० मध्ये विंग्ड फूट येथे सहा फटक्यांनी जिंकलेली यू.एस. ओपन तर ताकद आणि वेग यांवर आधारलेल्या खेळाचा पुरावा मानली जाते. यांपैकी कोणाचाही स्विंग जसाच्या तसा उचलावा, असे आम्ही सुचवत नाही. या सर्वांमध्ये पाय मोकळे आहेत आणि जमिनीला रेटा देण्यासाठी वापरलेले आहेत, एवढीच गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे.

पाऊल टाकण्याची रीत

प्रथम चेंडू टीवर (लहान खुंटीवर) ठेवून नेहमीसारखे उभे राहावे. ड्रायव्हरसाठी चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूसमोर असावा आणि टी एवढी उंच असावी की चेंडूचा अर्धा भाग क्लबहेडच्या वर दिसेल. डावा बूट जिथे आहे तिथे जमिनीवर खूण करावी. जुना शाफ्ट (क्लबचा दांडा) किंवा मिटलेली छत्री आडवी ठेवली तरी चालते. मग उजवा पाय जागेवरच ठेवून डावा पाय त्याच्याजवळ आणावा. चेंडू आता फार पुढे गेल्यासारखा वाटेल आणि तो तसाच वाटला पाहिजे.

बॅकस्विंग सावकाश सुरू करावा. हात छातीच्या उंचीच्या वर गेले आणि क्लब अजून मागे जातोच आहे, अशा वेळी डावा पाय उचलून खुणेवर ठेवावा. सगळी गोम याच क्षणात आहे. क्लब मागे चालला आहे आणि पाय पुढे चालला आहे, अशी विरुद्ध ओढ पोटाच्या व पाठीच्या स्नायूंना जाणवली, तर वेळ बरोबर साधली असे समजावे. पाय टेकताना आधी चवड्याची आतली बाजू आणि मग टाच टेकते. पायाची बोटे लक्ष्याकडे वीस-तीस अंश उघडी ठेवली तर गुडघ्यावरचा पिळ कमी होतो. टाच टेकली की डावा पाय सरळ होऊ द्यावा, म्हणजे जमिनीला मारलेला रेटा कंबरेला मागे आणि वर फिरवतो आणि क्लब आपसूक ओढला जातो. हातांनी वेगळे काही करू नये.

सर्वांत सामान्य दोष म्हणजे उशिरा टाकलेले पाऊल. पाऊल आणि डाउनस्विंग (क्लब खाली आणणे) एकाच वेळी झाले की डोके चेंडूच्या पुढे जाते, क्लब वरून खाली आदळतो आणि चेंडू सरळ आकाशात चढतो. ड्रायव्हरच्या वरच्या रंगावर टीचा पांढरा ओरखडा उमटला असेल, तर हेच घडले आहे. दुसरा दोष म्हणजे पाऊल पुढे न पडता चेंडूच्या बाजूला पडणे, ज्यामुळे कंबर अडते आणि चेंडू उजवीकडे ढकलला जातो. दोन्ही दोषांवर उपाय एकच आहे : पाऊल लहान करावे, वेग निम्म्यावर आणावा आणि डोके चेंडूच्या मागेच राहते आहे ना, हे फोनवर समोरून चित्रीकरण करून पाहावे. सुरुवात चेंडूशिवाय करावी, मग सात नंबरचे आयर्न (ड्रायव्हरपेक्षा आखूड क्लब) घ्यावे आणि दहापैकी सात-आठ चेंडू स्वच्छ लागू लागल्यावरच ड्रायव्हर हातात घ्यावा.

आघात कुठे होतो हे पाहण्याची सोपी युक्ती आम्ही प्रत्येकाला दाखवतो. चेंडूच्या मागच्या बाजूला व्हाइटबोर्ड मार्करने रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान ठिपका काढावा आणि तो ओला असतानाच चेंडू मारावा. ठिपका क्लबफेसवर उमटतो आणि कापडाने पुसलाही जातो. ठिपके मधोमध, किंवा किंचित वर, एका जागी जमू लागले की वेग वाढवायला हरकत नाही; ते टोकापासून हीलपर्यंत (दांड्याकडच्या बाजूपर्यंत) विखुरलेले असतील तर वेग वाढवण्यात काही अर्थ नाही.

कोर्सवर काय करावे

पाऊल टाकून स्पर्धेत ड्राइव्ह मारण्यास नियमांची आडकाठी नाही. नियमानुसार चेंडू क्लबहेडने खरोखर मारलेला असला पाहिजे, तो ढकललेला किंवा ओढलेला चालत नाही आणि क्लब शरीराला टेकवून धरता येत नाही. स्विंग करताना पाय हलू नयेत, असे कोठेही म्हटलेले नाही. तरीही आम्ही बहुतेकांना कोर्सवर पाऊल टाकण्याऐवजी टाच उचलण्याचा सल्ला देतो. नेहमीच्या अंतरावर पाय ठेवून उभे राहावे, बॅकस्विंगमध्ये डावा गुडघा आत येताना टाच एक-दोन इंच उचलू द्यावी आणि टाच टेकवूनच डाउनस्विंगला सुरुवात करावी. पाऊल टाकण्याच्या सरावातून शरीरात जो क्रम बसतो तोच इथे कमी हालचालीत मिळतो, आणि उतारावर किंवा ओल्या टी-बॉक्सवर पाय घसरण्याची भीतीही कमी राहते.

लांबून धावत येऊन चेंडू मारण्याविषयीही आम्हाला विचारले जाते. तीन मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या, स्पर्धा जिंकलेले पॅड्रिग हॅरिंग्टन यांनी ही करामत अनेकदा करून दाखवली आहे आणि तिने वेग वाढतो, यात शंका नाही. पण धावत येताना चेंडूपासूनचे अंतर दर वेळी बदलते, त्यामुळे आघाताची जागा बदलते, आणि चेंडू हद्दीबाहेर गेला तर एक फटका दंड भरून पुन्हा टीवरूनच मारावा लागतो. हौशी खेळाडूने ही पद्धत रेंजवर (सरावाच्या मैदानावर) मौजेसाठी करून पाहावी. स्कोअरकार्ड भरताना ती वापरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मोजमाप आणि प्रकृती

वाढ झाली की नाही, हे रेंजवर चेंडू कुठे पडला यावरून ठरवू नये. रेंजचे चेंडू झिजलेले असतात आणि साध्या चेंडूंपेक्षा कमी जातात, वारा बदलतो, आणि समुद्रसपाटीवरच्या मुंबईपेक्षा साडेपाचशे मीटरांहून उंच असलेल्या पुण्यात विरळ हवेमुळे तोच फटका थोडा लांब जातो. आमच्याकडे लाँच मॉनिटरवर (फटका मोजणाऱ्या यंत्रावर) सुरुवातीलाच आपले क्लबहेडचा वेग, चेंडूचा वेग, आघाताचा कोन आणि कॅरी हे चार आकडे नोंदवले जातात आणि नंतरची प्रत्येक तुलना त्याच चेंडूंनी, त्याच जागी केली जाते. सर्वांत लांब गेलेला एक ड्राइव्ह आम्ही हिशेबात धरत नाही. दहा फटक्यांची सरासरी आणि त्यांतील सर्वांत वाईट तीन फटके पाहतो, कारण फेरीचा स्कोअर त्यांनीच बिघडतो.

डाव्या गुडघ्याचे दुखणे, स्लिप डिस्क किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर ही पद्धत डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये, आणि असे दुखणे आम्हाला आधीच सांगावे, ही विनंती आहे. निरोगी खेळाडूनेही दहा मिनिटे अंग मोकळे करावे, एका वेळी पूर्ण वेगाचे वीस-पंचवीसच फटके मारावेत आणि दर फटक्यानंतर अर्धा मिनिट थांबावे. चेंडूंची बकेट संपवायची म्हणून थकलेल्या अंगाने मारलेले शेवटचे चेंडू चुकीचा क्रमच पक्का करतात.

क्लब बदलण्याचा प्रश्न यानंतर येतो. आघाताचा कोन वरचा झाला की पूर्वीचा लॉफ्ट जास्त किंवा कमी पडू शकतो आणि वेग खरोखर वाढला असेल, तर शाफ्ट अधिक कडक लागू शकतो. पण नवी हालचाल स्थिरावण्याआधी केलेली जुळणी काही आठवड्यांतच निरुपयोगी ठरते. म्हणून या पद्धतीसाठी येणाऱ्या ग्राहकांना पहिल्या भेटीत आम्ही क्लब विकत नाही. येताना आपला नेहमीचा ड्रायव्हर, सात नंबरचे आयर्न, कोर्सवर वापरता ते बूट आणि आपण ज्या चेंडूने खेळता त्याच प्रकारचे पाच-सहा चेंडू सोबत आणावेत.