पास्त्याची खरी कारागिरी वाळवण्यात आहे

पास्ता म्हटलं की पीठ कसं मळायचं, आकार कसे पाडायचे यावरच सगळे बोलतात, पण इटलीत नेपल्सजवळ ग्रान्यानो नावाचं गाव आहे ना, त्याचं नाव झालं ते पास्ता वाळवण्यामुळे, आणि त्यामागचं सायन्स खरंच भारी आहे.

सामान फक्त दोन, ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी. आपला बन्सी गहू पण ड्युरमच, शेवयांना चालतो तो. साच्यातून पास्ता बाहेर येतो तेव्हा त्यात साधारण 30 टक्के पाणी असतं आणि इटलीच्या नियमाप्रमाणे सुक्या पास्त्यात ते 12.5 टक्क्यांच्या वर चालत नाही. मग घाई करून काढून टाकावं की पाणी, पण तिथेच गोची आहे. वरचा थर पटकन वाळतो आणि आकसतो, आतला गाभा अजून ओला नि फुगलेला, मग दोघांची ओढाताण होऊन बारीक तडे जातात. आधी ते दिसत पण नाहीत, उकळत्या पाण्यात टाकला की तुकडे पडतात.

ग्रान्यानोच्या लोकांनी हे यंत्रांच्या कितीतरी आधी ओळखलं होतं. 19व्या शतकात तिथे रस्त्याच्या कडेला बांबूच्या काठ्यांवर स्पगेटी टांगलेली असायची, आधी उन्हावाऱ्यात वरचा थर जरा कडक होऊ द्यायचा, मग गार दमट तळघरात ठेवायचा, म्हणजे आतलं पाणी सावकाश बाहेरच्या थरापर्यंत येतं आणि पास्ता परत थोडा मऊ पडतो, आणि मग पुन्हा हवेवर. एका बाजूला लात्तारी डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, त्यामुळे वारा आणि दमटपणा दोन्ही हाताशी. मला विचाराल तर खरा शोध त्या मधल्या विश्रांतीचा आहे.

आता मोठ्या फॅक्टऱ्यांत 70-80 डिग्रीच्या वर काही तासांत काम उरकतं. त्याचा फायदा पण आहे, जास्त उष्णतेने ग्लुटेनची, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रोटीनची, जाळी घट्ट होते आणि कमी प्रोटीनच्या रव्याचा पास्ता सुद्धा शिजून टणक राहतो. पण साखर आणि प्रोटीनमध्ये मेलार्ड रिअ‍ॅक्शन होते, रंग गडद पिवळा-तांबूस होतो, लायसिन हे अमिनो आम्ल कमी होतं आणि गव्हाची चव मागे पडते. 40-50 डिग्रीवर दीड-दोन दिवस वाळवलेला पास्ता फिकट सायीच्या रंगाचा राहतो.

साचा पण बघा. पितळी-ब्राँझच्या साच्यात कणीक घासली जाते आणि वरचा भाग खरखरीत होतो, टेफ्लॉनमधून तीच गुळगुळीत सरकते. ग्रान्यानोच्या पास्त्याला 2013 मध्ये युरोपात भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात ब्राँझचा साचा सक्तीचा आहे. खरखरीत पास्त्यातून स्टार्च जास्त सुटतो, म्हणून त्याचं उकळलेलं गढूळ पाणी फेकू नका, वाटीभर सॉसमध्ये घाला, तेल आणि पाणी वेगळं न होता सॉस छान दाटसर होऊन पास्त्याला धरून राहतो.