व्हॉल्व्ह साफ करायला गाडी आणताय? आधी स्प्रे मारू नका

सकाळी गाडी सुरू केली की थरथरते, मिसिंग करते, पिकअप पहिल्यासारखा राहिला नाही, अशा तक्रारी घेऊन थेट इंजेक्शनची पेट्रोल इंजिनं आमच्याकडे नेहमी येतात. इग्निशन कॉइल, प्लग ठीक निघाले, मॅनिफोल्ड (इंजिनाला हवा वाटून देणारी नळ्यांची जोडणी) उतरवला, की बहुतेकदा इनटेक व्हॉल्व्हच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपेच्या, मानेवर काजळीचा जाड थर सापडतो. आणि ग्राहकाचा ठरलेला प्रश्न येतो: "दर सर्व्हिसिंगला टाकीत क्लीनर ओततो, तरी असं कसं?"

क्लीनर वाया गेलं नाही. इंजेक्टरचं टोक त्याने साफ राहतं. पण ते व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही. पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत, इंजेक्टर असतो तेव्हा तो तीन-चार बार दाबाने व्हॉल्व्हच्या पाठीवरच पेट्रोल फवारतो, त्यामुळे व्हॉल्व्ह आपसूक धुतला जातो. थेट इंजेक्शनमध्ये पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये उतरतं, तेही दीडशे-दोनशे बारने, नव्या इंजिनांत ३५० बारपर्यंत. व्हॉल्व्हवरून जाते ती नुसती हवा, आणि तिच्यासोबत ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) आलेली ऑइलची वाफ. ती तापलेल्या व्हॉल्व्हवर बसते, करपते, आणि थरावर थर चढत जातो.

"मग असली इंजिनं बनवतातच कशाला?" कारण सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ होताना आतली हवा थंड होते. नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) न होता कॉम्प्रेशन वाढवता येतं, टर्बोलाही जास्त मोकळीक मिळते. हे खूळ आजचं नाही. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलमध्ये यांत्रिक पंपाचं थेट इंजेक्शन होतं. मित्सुबिशीने १९९६ मध्ये ते इलेक्ट्रॉनिक रूपात रोजच्या गाड्यांत आणलं. टोयोटाने २००५ पासून काही इंजिनांना पोर्ट आणि सिलिंडर अशा दोन्ही जागी इंजेक्टर दिले. तुमची गाडी तशी असेल, तर या कामासाठी आमच्याकडे यायची वेळ क्वचितच येईल.

आता मुद्द्याचं. गाडी आणायच्या आदल्या दिवशी इनटेकमध्ये क्लीनिंग स्प्रे मारू नका. "तुमचं काम हलकं होईल म्हणून मारून आणला" असं प्रेमाने सांगणारे ग्राहक आहेत, आणि त्यांच्याच गाड्यांना आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागतो. आम्ही अक्रोडाच्या कवचाचा कोरडा चुरा हवेच्या दाबाने मारून काजळी काढतो. चुरा काजळी उडवण्याइतका कडक असतो, पण व्हॉल्व्ह आणि तो जिथे टेकतो त्या सीटला चरे पाडत नाही. काजळी कोरडी असेल तर ती खपल्या होऊन सुटते. स्प्रेने ती भिजून डांबरासारखी चिकट होते. चुरा तिच्यावर बसतो, गोळे होतात, पोर्ट तुंबतो. मग हाताने खरवडायचं, पुसायचं, पोर्ट पूर्ण वाळू द्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. शिवाय इंजिन चालू ठेवून स्प्रे मारला, की सुटलेला एखादा टणक तुकडा सिलिंडरमधून एक्झॉस्टला जाऊ शकतो. पुढे टर्बो असेल तर त्याच्या पात्यांना ते परवडणारं नाही. थोडी काजळी असताना नियमित वापरलेला स्प्रे वेगळा. जाड थरावर तो उशिरा सुचलेला उपाय आहे.

"दोन तासांत होईल ना?" नाही. ज्या सिलिंडरवर काम चालू आहे त्याचे इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बंद हवेत, नाहीतर चुरा आत जातो. म्हणून क्रँक फिरवून एकेक सिलिंडर जागेवर आणावा लागतो, मारायचं, शोषून घ्यायचं, कॅमेऱ्याने बघायचं. इंजिनही पूर्ण थंड हवं. गाडी आदल्या संध्याकाळी सोडलीत तर सगळ्यांचंच बरं. मॅनिफोल्डची गॅस्केट आम्ही नवीच टाकतो, जुनी "चांगली दिसतेय" म्हणून परत बसवत नाही. तिथून हवा खेचली गेली, तर तीच थरथर घेऊन तुम्ही आठवड्याने परत याल.

रेसिंगची आवड असलेले विचारतात, त्यांना हा त्रास का नाही? फॉर्म्युला वनमध्ये २०१४ पासून थेट इंजेक्शनच आहे, दाबाची मर्यादा २०२५ पर्यंत ५०० बार होती, आणि व्हॉल्व्हच्या आधी इंजेक्टर लावायलाच मनाई. पण ती इंजिनं थंडीत दोन किलोमीटर जाऊन बंद होत नाहीत, आणि काजळी साचण्याइतकं त्यांचं आयुष्यही नसतं. त्यांचं पाहून "पोर्ट पॉलिश करून द्या, फ्लॅप काढून टाका" (फ्लॅप म्हणजे हवेच्या वाटेतल्या, हवा वळवणाऱ्या पट्ट्या) म्हणणाऱ्यांना आम्ही सहसा नकार देतो. रस्त्यावरच्या इंजिनाचा पोर्ट हवेला सिलिंडरमध्ये घुसळत सोडण्यासाठी तसा घडवलेला असतो, कमी वेगाला फ्लॅप त्यात भर घालतात. ते काढलेत तर खालचा पिकअप जाईल, आणि काजळी धरायची ती धरेलच.

गाडी आणताना तीन गोष्टी सांगा: ऑइल शेवटचं कधी बदललं, दोन सर्व्हिसिंगच्या मधे किती टॉप-अप लागतं, आणि स्प्रे मारलाय का. मारला असेल तरी सांगा, रागावणार नाही, फक्त एक दिवस जास्त धरू. आधी कॅमेरा घालून बघतो; थर पातळ असेल तर फोटो दाखवून गाडी तशीच परत देतो.